लॅबचे केस गळतायत म्हणून झिरो मशीन मारायची का?

ताई, तुमचा प्रश्न मला नीट कळलाय ना ते आधी बघा. वारज्यात चौथ्या मजल्यावर टूबीएचके, चार वर्षांची फिकट पिवळी लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्री, नाव चिकू. डिसेंबरात तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारी संपता संपता जे केस गळायला लागले ते आता मार्चमध्ये इतके, की दिवसातून तीनदा झाडलं तरी दाराच्या मागे बोळे जमतात. परवा सासूबाईंच्या आमटीत केस निघाला आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. तुम्ही तीन शाम्पू बदललेत, आठवड्यातून दोनदा आंघोळ घालताय, बायोटिनच्या गोळ्या चालू केल्यात, धाकट्याला सकाळी शिंका येतात. आणि आता जवळच्या ग्रूमिंगवाल्याने सांगितलंय की उन्हाळा आलाच आहे, झिरो मशीन मारून टाका, विषयच संपेल. तर मारू का, असं विचारताय.

नका मारू. बाकी सगळं खाली सविस्तर सांगते पण घाईत असाल तर एवढंच वाचलंत तरी चालेल.

मी १८ वर्षं पुण्यात कुत्र्यांचं ग्रूमिंग करतेय. वडिलांचं कसब्यात सलून होतं, त्यामुळे मशीन आणि कातरीचा आवाज लहानपणापासून कानात आहे, आणि मशीन मारून विषय संपवायचा मोह काय असतो तेही मला चांगलंच माहितीय, कारण पाऊण तासात काम होतं, गिऱ्हाईक खूश, पैसे रोख. पण माणसाचं डोकं आणि लॅबची पाठ यात फरक आहे. आपला केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. लॅबचा केस ठराविक लांबीपर्यंत वाढतो, मग वाढ थांबते, मग तो नुसता मुळाशी बसून राहतो आणि वेळ आली की सुटतो. लॅब, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, आपल्याकडचा पॉम म्हणजे पोमेरेनियन, या सगळ्यांच्या अंगावर कुठल्याही दिवशी बघाल तर बहुतेक केस या बसून राहिलेल्या अवस्थेतले असतात. पूडल, शिह त्झू यांचं उलटं, त्यांचे केस वाढतच राहतात म्हणून गळतात कमी पण कापायला लागतात. म्हणजे ज्याला कापायची गरज तो गळत नाही आणि जो गळतो त्याला कापून फायदा नाही, असा हा मामला.

लॅबला दोन थर असतात. वरचा राठ, जरा तेलकट, पाणी निथळून जाणारा. आतला मऊ, लोकरीसारखा, त्याला आम्ही अंडरकोट म्हणतो. तुमच्या दाराच्या मागे जे बोळे जमतायत ते जवळपास सगळे आतल्या थराचे आहेत, हातात घेऊन बघा, कापसासारखे लागतील. मशीन मारली की दोन्ही थर एका उंचीला येतात आणि मुळाशी बसलेला केस तसाच राहतो, गळायचा तो गळतोच, फक्त आता तो तीन सेंटीमीटरचा नसून तीन मिलिमीटरचा असतो, आणि हे बारीक काटे सोफ्याच्या कापडात, मोज्यांत, मुलांच्या शाळेच्या स्वेटरमध्ये असे घुसतात की व्हॅक्यूमलाही निघत नाहीत. लांब केस झाडूने तरी गोळा होतो. लॅबला मशीन मारून महिन्याभराने परत आलेलं प्रत्येक घर मला हेच सांगतं, आधीचं बरं होतं म्हणून.

आणि उन्हाचं म्हणाल तर, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग गार करतो, थोडा घाम पंजांच्या गादीतून येतो तेवढाच. त्यामुळे केस काढले की वारा लागून गार वाटेल हे आपल्या अंगाचं लॉजिक त्याला लागू होत नाही. नीट विंचरलेला कोट, म्हणजे अंगावरच्या केसांचा थर, मध्ये हवा धरून ठेवतो आणि ऊन थेट कातडीवर येऊ देत नाही. फिकट लॅबची कातडी गुलाबी असते, एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उघड्या पाठीवर सनबर्न होतो, मी बघितलेला आहे. शिवाय काही कुत्र्यांत मशीन मारलेल्या जागी केस परत यायलाच महिनोन् महिने लागतात. माझ्याकडे एक पॉम यायचा, कुठूनतरी उन्हाळ्यात झिरो करून आणलेला, शेपटीजवळचा आणि मांड्यांवरचा कोट १४ महिने आला नाही, आणि आला तो दुसऱ्याच रंगाचा, लोकरीसारखा. घरच्या आजी रोज खोबरेल चोळायच्या. त्याने काय होणार, तो चाटून टाकायचा.

आता मुळात केस आत्ताच का गळतायत. आपल्याकडे म्हणतात ना संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, तर ते तीळ कुत्र्याचं अंग मोजत असतं. थंडी-उन्हापेक्षाही दिवस किती मोठा झाला यावर कोट बदलायचं घड्याळ चालतं. पुण्यात डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा असतो, जूनमध्ये १३ तासांच्या थोडा वर जातो. हा फरक युरोपसारखा मोठा नाही, त्यामुळे आपल्याकडचे लॅब तिकडच्यासारखे तीन आठवड्यांत धाडकन कोट टाकून मोकळे होत नाहीत, आपल्याकडे ते महाशिवरात्रीच्या आसपास सुरू होऊन एप्रिलपर्यंत रेंगाळतं आणि मग परत गणपती-नवरात्राच्या सुमाराला एक छोटा हप्ता येतो. त्यात आपण फ्लॅटमध्ये रात्री बारापर्यंत ट्यूब चालू ठेवतो, एसी लावतो, त्यामुळे ते घड्याळ अजून गोंधळतं आणि थोडे थोडे केस वर्षभर पडत राहतात. होळी जळाली थंडी पळाली, आणि तिच्याबरोबर चिकूचं स्वेटर पण. यात आजार काही नाही.

पण तुमच्या केसमध्ये एक गोष्ट जास्तीची आहे, ती म्हणजे ऑपरेशन. मोठं आजारपण, ताप, भूल देऊन केलेली सर्जरी, बाळंतपण, या सगळ्यात शरीर बरेचसे केस एकदम विश्रांतीला पाठवतं आणि ते सगळे मिळून महिना ते तीन महिन्यांनी सुटतात. बायकांचे बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस जातात ना, तसंच. डिसेंबर ते मार्च, हिशोब बरोबर बसतोय. म्हणजे सीझनचं गळणं आणि ऑपरेशननंतरचं गळणं एकाच महिन्यात आलंय, म्हणून तुम्हाला यंदा डबल वाटतंय. हे आपोआप थांबतं. अजून एक, ऑपरेशननंतर काही जातींच्या माद्यांचा कोट जरा मऊ, लोकरी होतो, गोल्डन आणि कॉकर स्पॅनिअलमध्ये जास्त दिसतं. लॅबमध्ये एवढं जाणवत नाही पण झालंच तर घाबरू नका.

आता मी ज्या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलते ती. केस गळणं वेगळं आणि केस जाणं वेगळं. गळतायत म्हणजे खाली पडतायत पण अंगावर कोट भरलेलाच आहे. गेले म्हणजे अंगावर कुठेतरी कातडी दिसतेय. लोक घरातले केस बघतात, कुत्र्याकडे बघतच नाहीत. तुम्ही आज उजेडात चिकूला कुशीवर झोपवा आणि केस उलट्या दिशेने फुंकून, बोटांनी बाजूला करून कातडी बघा. पाठ, शेपटीचं मूळ, काखा, जांघा, कानांच्या कडा, बोटांच्या मधे. कातडी फिकट, कोरडी ठणठणीत आणि वास नसलेली असेल तर बरं. मग पाठीवरचा एक पुंजका चिमटीत धरून हलकेच ओढा. या दिवसांत मऊ लोकर सहज हातात येईल, ते चालतं. पण वरचे राठ केससुद्धा मुठीने येतायत आणि खाली चट्टा दिसतोय तर ते चालत नाही.

मग डॉक्टर. आणि कोणत्या खुणेवरून कशाचा संशय घ्यायचा तेवढं सांगते, निदान माझं काम नाही. शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेवर सारखं दातांनी कुरतडतेय, तिथे केस तुटके झालेत, तर आधी पिसवा. पिसवा दिसत नाहीत म्हणून नाहीत असं नसतं, बारीक दातांच्या फणीने विंचरून जे काळे कण येतील ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा, तांबूस डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कानांच्या कडा आणि कोपरं खाजून खाजून लाल, आणि घरातल्या माणसांनाही कमरेला हाताला पुरळ, तर खरूज. गोल चट्टा, कडेला खपल्या, आणि मुलाच्या हातावरही तसाच गोल चट्टा, तर गजकर्ण, मग दोघांनाही आपापल्या डॉक्टरकडे न्यायचं. वर्षाच्या आतल्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस गेलेत पण खाज फारशी नाही, तर डेमोडेक्सचा किडा असू शकतो, तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, उगाच शेजाऱ्यांनी वाळीत टाकायची गरज नसते.

खाज अजिबात नाही आणि दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होतायत, शेपटीचे केस जाऊन ती उंदरासारखी दिसतेय, खाणं तेवढंच पण वजन वाढतंय, टेकडीवर जायचा उत्साह गेला, तर थायरॉईड. औंधचा एक गोल्डन माझ्याकडे नियमित यायचा, घरचे म्हणत होते सहा वर्षांचा झाला, आता म्हातारा होतोय, केस गळणारच. मी पण दोनदा आंघोळ घालून पाठवला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्यांदा टेबलावर घेतला तेव्हा शेपटी धरली आणि हातात नुसतं कातडं लागलं. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवला, रक्ततपासणीत थायरॉईड कमी निघालं, गोळ्या चालू झाल्यावर पहिल्या महिन्यात तो पळायला लागला पण कोट भरायला पाच महिने गेले. आणि भरपूर पाणी पिणं, सारखी शू, पोट सुटणं, कातडी पातळ होणं असं असेल तर कुशिंग नावाचा वेगळा हार्मोनचा आजार असतो. ही सगळी नावं पाठ करायची नाहीत. कातडी दिसली, वास आला, खाज रात्री झोपू देत नाही, यातलं काहीही असेल तर शाम्पू बदलत बसू नका एवढाच मुद्दा. आणि घरात पडलेलं माणसांचं स्टेरॉईडचं मलम तर अजिबात लावू नका, ती चाटणार आणि शिवाय डॉक्टरला खरं चित्र दिसणार नाही.

गोचिडांचं वेगळं सांगते कारण पुण्यात तो विषय टाळताच येत नाही. तळजाई, वेताळ टेकडी, कुठल्याही गवतात फिरवून आणलंत की कान, मान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपायच्या. पाऊस संपल्यावर गवत वाळतं तेव्हा कुसळं पण घुसतात, ती बेचक्यांत आणि कानात जास्त. गोचिडांवर दर महिन्याला मानेवर टाकायचं औषध किंवा चघळायची गोळी, जे डॉक्टर वजन बघून देतील ते वर्षभर चालू ठेवा, नुसतं पावसाळ्यात नाही. मानेवर टाकायचं औषध असेल तर आधीचे-नंतरचे दोन दिवस आंघोळ नको, नाहीतर पैसे मोरीत. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध मांजराला कधीच नाही, त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराचा जीव घेऊ शकतं. रॉकेल, फिनेलचं पाणी, डांबरगोळ्यांची पूड, हे उपाय अजूनही लोक करतात, कृपा करून नका करू.

बरं, आता चिकूची कातडी ठीक निघाली असं धरून चालते. मग आपल्याला एकच ठरवायचंय, हे केस कुठे पडू द्यायचे, ब्रशमध्ये की घरभर. कारण पडणार ते आहेतच.

आंघोळ आधी कमी करा. आठवड्यातून दोनदा फार झालं, त्यानेच कातडी कोरडी पडून कोंडा होतो आणि केस अजून सुटतात. एरवी लॅबला महिन्यातून एकदा पुरते, आत्ता सीझन आहे तोवर दोन-तीन आठवड्यांनी एकदा. माणसांचा शाम्पू नको, बेबी शाम्पूही रोजचा म्हणून नको, आपली कातडी आम्लाकडे झुकणारी असते आणि कुत्र्याची जवळपास न्यूट्रल, शिवाय आपल्यापेक्षा बरीच पातळ. डेटॉल वगैरे टाकलेलं पाणीही नको. आणि आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. सुटलेली लोकर ओली झाली की नमद्यासारखी बसते, मग फणी चालत नाही. शाम्पू थेट बाटलीतून पाठीवर ओतू नका, तांब्याभर कोमट पाण्यात कालवून घ्या, म्हणजे आतल्या थरापर्यंत जातो. रबरी ब्रशने पाच-सात मिनिटं गोल गोल चोळा, निम्मं काम इथेच होतं. धुताना तुम्हाला वाटेल झालं, तेव्हा अजून दोन बादल्या घाला. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर अजून एक. मोरीच्या जाळीवर चहाची जुनी गाळणी किंवा फाटका नायलॉनचा मोजा ठेवा, नाहीतर प्लंबरचा नंबर हाताशी ठेवा.

आणि वाळवा. हे लोक करतच नाहीत. वरून कोरडी दिसते पण लॅबचा आतला थर तासन् तास ओला राहतो, आणि जून ते सप्टेंबर या ओलीत यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढते, तो जो आंबूस, जुन्या पायपुसण्यासारखा वास येतो ना तो त्याचा. टॉवेलने दाबून पाणी टिपा, घासू नका, मग ड्रायर गार किंवा कोमट हवेवर, हातभर लांबून, दुसऱ्या हाताने केस उलटे करत. आमच्याकडे मोठा ब्लोअर असतो, त्याच्या वाऱ्यानेच सुटलेली लोकर उडून जाते, घरी तो आणायची गरज नाही पण सीझनला एकदा कुणाकडे तरी जाऊन ते करून घेतलंत तर घरचं महिन्याभराचं झाडणं वाचतं. पैसे घालवायचेच असतील तर यावर घालवा.

विंचरणं मात्र घरीच, एक दिवसाआड, १० ते १५ मिनिटं. आणि हे गॅलरीत करू नका हो, खालच्या मजल्याची वाळत घातलेली कपडे केसाळ होऊन सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालेला मी दोनदा ऐकलाय. बाथरूममध्ये किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात जुनी चादर टाकून. आधी रबरी ग्लोव्ह घालून केसांच्या उलट आणि गोल फिरवा, दोन-तीन मिनिटं, तिला वाटेल लाड चाललेत. मग अंडरकोट रेक, म्हणजे लांब बोथट दातांचा पंजा, तो केसांच्या दिशेने, मनगट सैल ठेवून, एका जागी पाच-सहा वेळा आणि पुढे. सगळ्यात जास्त माल मानेवर, मांड्यांच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी असतो, लोक नुसती पाठ विंचरतात आणि म्हणतात काही फरक नाही. पोट, जांघा, कोपरं इथे रेक नको, नुसता ग्लोव्ह. किती दाबायचं कळत नसेल तर आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. दोन-तीन गाजराचे किंवा काकडीचे तुकडे जवळ ठेवा, लॅब आहे, त्यासाठी ती पायाचा अंगठासुद्धा विंचरून देईल.

ते ब्लेडवालं डीशेडिंगचं हत्यार खूप चालतं सध्या, पहिल्या दिवशी त्याने ढीग निघतो म्हणून लोकांना जादू वाटते. त्यात सुटलेल्या लोकरीबरोबर वरचे चांगले केस पण तुटतात, आणि ढीग बघून हात थांबत नाही. माझाच किस्सा आहे. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका जर्मन शेफर्डला त्याने तासभर घासला, निघतंय निघतंय म्हणून, घरी गेल्यावर त्याच्या दोन्ही कुशींवर लाल पट्टे उठले. मालक भला माणूस, काही बोलला नाही. पण तो कुत्रा पुढे माझ्या टेबलावर कधी शांत उभा राहिला नाही. वापरायचंच तर आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं घड्याळ लावून.

निघालेले केस पिशवीत बांधून कचऱ्यात. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून ठेवायची कल्पना गोड आहे पण अंगावर गोचिडांचं औषध टाकलेलं असतं, ते पिल्लांपर्यंत कशाला पोचवायचं.

खाण्याबद्दल. केस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीन, आणि कुत्रा रोज जे प्रोटीन खातो त्यातला बराच मोठा वाटा कातडी आणि केसांकडे जातो. तुम्ही चिकूला काय देता ते लिहिलं नाहीये. दूध-पोळी, वरण-भात, वर थोडं डॉगफूड असा नेहमीचा प्रकार असेल तर तिचं पोट भरतंय पण कोटाला काही मिळत नाहीये, आणि बाजारात डॉग रोटी म्हणून मिळते तीही शेवटी पोळीच आहे. चांगलं डॉगफूड, ज्यात पहिला घटक मांस किंवा मासळी आहे, ते वजनाप्रमाणे मोजून दिलंत तरी पुरतं. घरचंच द्यायचं असेल तर उकडलेलं चिकन किंवा मासळी, शाकाहारी घर असेल तर उकडलेली अंडी, पनीर, दही यावर भर, आणि मग डॉक्टरकडून आहार नीट बसवून घ्या, कारण नुसतं चिकन-भात दिलं की कॅल्शियमची बोंब होते. अंडं कच्चं देऊ नका, कच्च्या पांढऱ्यात अविडिन असतं ते बायोटिनला बांधून ठेवतं. म्हणजे एकीकडे बायोटिनची गोळी आणि दुसरीकडे कच्चं अंडं देणारे लोक आहेत, असो. तुमची बायोटिनची गोळी नुकसान करणार नाही पण बरं खाणाऱ्या कुत्र्यात त्याची कमतरता क्वचितच असते, त्यामुळे फरकही दिसणार नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, हे तर कधीच नाही.

फिश ऑइलने फरक पडतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पण सहा ते आठ आठवडे लागतात, चार दिवसांत काही होत नाही म्हणून बंद करू नका. डोस वजनावर असतो, डॉक्टरला विचारा, जास्त झालं की पहिलं पोट बिघडतं. जवस चांगलं आहे पण त्यातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या अंगात फार थोडं कामाच्या रूपात बदलतं, त्यामुळे मासळीच्या तेलाची जागा जवसाची चटणी घेत नाही, आणि चटणीत मीठ-लसूण असतं ते वेगळंच. जेवणावर चमचाभर शेंगदाणा तेल घालणारे असतात, त्याने चमक येते हे खरं, पण लॅबला चरबी चढायला निमित्त लागतच नाही.

घरासाठी दोनच गोष्टी. कोरडा झाडू मारू नका, केस हवेत जातात आणि पंखा ते सासूबाईंच्या आमटीत पोचवतो. आधी ओलसर पोछा किंवा व्हॅक्यूम, आणि जेवण चालू असताना पंखा एकावर. सोफ्यावर सोलापुरी चादर टाका, दर तीन-चार दिवसांनी काढून बाहेर झटका आणि मगच मशीनला लावा, थेट लावलीत तर मशीनचा फिल्टर तुंबतो आणि केस बाकीच्या कपड्यांना चिकटून येतात. सोफ्याच्या कापडातले केस भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेने ओढलात की गोळा होतात, महागडे रोलर लागत नाहीत. आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत चिकू नाही, हा नियम आठवड्याभरात शिकवता येतो, उंबरठ्याबाहेर बसली की गाजर, आत आली की काही नाही. हे सासूबाईंनाच शिकवू दे. गाजर त्यांच्या हातात द्या. माझ्या अनुभवात जो खाऊ देतो त्याला कुत्र्याचे केस आठ दिवसांत टोचेनासे होतात.

मुलाच्या शिंकांचं. ॲलर्जी केसाची नसते, कुत्र्याची थुंकी, कोंडा, शू यातल्या प्रोटीनची असते, केस फक्त ते घेऊन फिरतो. त्यामुळे टक्कल केलंत तरी शिंका थांबणार नाहीत. आधी मुलाच्या डॉक्टरकडून खरंच कुत्र्याचीच ॲलर्जी आहे का ते तपासून घ्या, कारण या दिवसांत धूळ पण भरपूर असते आणि गादीतले धुळीचे किडे तर बारा महिने. तोवर त्याच्या खोलीत चिकू नाही, त्याच्या गादीवर तर नाहीच, आणि तिला विंचरायचं काम त्याला देऊ नका.

रंगपंचमीला तिला घरातच ठेवा, रंग अंगावर पडला की ती चाटते आणि तो काढायला परत आंघोळी.

तर या रविवारी एवढं करा. उजेडात कातडी बघून घ्या. ऑपरेशनच्या वेळी पोटावर जिथे मशीन मारली होती ती जागा नीट बघा, तिथे बारीक लव आलेली असेल तर छान, लॅबला तिथला कोट पूर्ण यायला अजून दोन-तीन महिने लागू शकतात. ती जागा मे संपेपर्यंत गुळगुळीतच राहिली, किंवा आत्ता लाल आहे, ओली आहे, वास येतोय, तर डॉक्टरला दाखवा आणि थायरॉईडचंही विचारा. ग्रूमिंगची अपॉइंटमेंट घेतलीच असेल तर रद्द करू नका, फक्त आंघोळ, ब्लो-ड्राय आणि अंडरकोट काढणं एवढंच करायला सांगा, अंगावर मशीन लावायची नाही हे तोंडी न सांगता त्यांच्या फॉर्मवर लिहून द्या, आणि शक्य असेल तर काम होईपर्यंत तिथेच थांबा.